रिकामी पुंगळी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काडतूस हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना पहिल्यांदा भेटतो तो शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात. १८५७ साल, बराकपूरची छावणी, २९ मार्चला मंगल पांडे यांनी झाडलेली गोळी, आणि एनफिल्ड रायफलीच्या काडतुसाला लावलेल्या चरबीविषयीचा संशय. गायीची की डुकराची, या एका प्रश्नाने हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच वेळी अस्वस्थ झाले. ते काडतूस कागदाचे होते. दातांनी फाडायचे, आतली दारू नळीत ओतायची, गोळी वरून ठासायची आणि बार काढायचा. बार निघाला की काडतूस संपले. मागे धुराशिवाय काही उरत नसे.

मी बोलणार आहे ते त्यानंतरच्या पिढीतल्या काडतुसाविषयी, म्हणजे पितळी काडतुसाविषयी. त्याचे वैशिष्ट्य असे की, बार निघाल्यावरही त्याचे काहीतरी मागे उरते. ‘घटनास्थळी चार रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. आपल्या दृष्टीने ती रिकामी पुंगळी म्हणजे पोलिसांचा पुरावा. पण दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांवर याच पुंगळीला फार मोल होते. माणसे ती वेचून आणत, धूत, पुन्हा भरत आणि पुन्हा उडवत. ती भरण्याची खास अवजारे मिळत आणि ती पारखून घ्यावी लागत. या अवजारांच्या निवडीत एका मोठ्या संहाराचा इतिहास दडलेला आहे.

कविता लिहिणाऱ्या माणसाला हा विषय कशाला हवा, असे कोणी विचारील. मी कोकणातला. आमच्याकडे रानडुकरांपासून आणि वानरांपासून शेताची राखण करायला ठासणीची, केपाची बंदूक असे. केप म्हणजे घोड्याखाली बसवायची ती इवलीशी स्फोटक टोपी. तिच्या पुड्या लोक मिठामिरचीपेक्षा जपून ठेवत. बंदुकीच्या संदर्भात काटकसर हा शब्द मी तेव्हापासून ऐकत आलो. पुढे अमेरिकन रानगव्यांचा इतिहास वाचताना तीच काटकसर वेगळ्या रूपात समोर आली आणि मन त्या जागी अडकून राहिले.

आधी काडतुसाची रचना पाहू. त्यात चार गोष्टी असतात. पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा टोपीवर आपटतो, टोपी पेटते, तिची ठिणगी छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते आणि दारूच्या जोराने गोळी सुटते. टोपी निकामी होते, दारू जळते, गोळी निघून जाते. उरते ती पुंगळी. गंमत अशी की, चौघींत घडवायला सर्वांत कठीण आणि महाग तीच. पितळेच्या चकतीपासून टप्प्याटप्प्याने ओढत नेऊन तिची नळी करावी लागते आणि त्यासाठी कारखाना लागतो. शिसे कोणीही वितळवील, दारू कोणीही मोजून ओतील. म्हणून पुंगळी हाती असली की निम्मे काडतूस हाती आहे, असे शिकारी समजत.

आता एका छोट्या छिद्राची गोष्ट. १८६६ साली, काही महिन्यांच्या अंतराने, दोन माणसांनी टोपी बसवण्याच्या दोन तऱ्हा काढल्या. एक होते ब्रिटिश लष्करी अधिकारी एडवर्ड बॉक्सर, दुसरे अमेरिकन हायरम बर्डन. टोपी पेटायची तर तिला खालून टेकू हवा, लोहाराच्या ऐरणीसारखा. बॉक्सर यांनी ही ऐरण टोपीच्याच पोटात बसवली आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र ठेवले. बर्डन यांनी ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवली, त्यामुळे छिद्रे बाजूला, दोन आणि बारीक अशी पडली. झाडायला दोन्ही सारखीच चांगली. फरक पडला तो पुन्हा भरताना. बॉक्सर यांच्या पुंगळीत वरून एक सळई घालून ठोकली की मधल्या छिद्रातून ती जुनी टोपी अलगद बाहेर ढकलते. बर्डन यांच्या पुंगळीत सळई ऐरणीवरच अडते. तिथे टोपी बाहेरून टोचणीने उचकटावी लागते. म्हणून अवजार घेणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा लागे तो हाच, की तुझ्या पुंगळीचे बूड कोणत्या तऱ्हेचे? पुढे उलटापालट अशी झाली की, इंग्रज माणसाची तऱ्हा अमेरिकेने उचलली आणि अमेरिकन माणसाची युरोपातल्या लष्करांनी. अमेरिकेत घरोघरी काडतुसे भरण्याचा छंद रुजला, त्यामागे त्या मधल्या एका छिद्राचा मोठा वाटा आहे.

बॉक्सर यांचे काडतूस आपल्या किनाऱ्यावरूनही गेले आहे. १८६७-६८ मध्ये मुंबईहून अबिसिनियावर जी मोहीम गेली, तिच्यातल्या गोऱ्या पलटणींजवळ या काडतुसाच्या स्नायडर रायफली होत्या. हिंदी शिपायांच्या हाती मात्र जुन्या ठासणीच्या बंदुका. १८५७ च्या धड्यानंतर सरकारने हिंदी पलटणींना एक पिढी मागचे हत्यार देण्याचे धोरण ठेवले होते. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. काडतूस करायचे ते सरकारने, ही इथली रीत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तिला कुलूप घातले आणि आजही १९५९ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. अमेरिकेतली रीत नेमकी उलट होती. तिथे काडतूस भरण्याचा संच रायफलीबरोबरच विकायला असे.

आता त्या मैदानांकडे वळू. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला रॉकी पर्वतापर्यंत पसरलेल्या गवतावर बायसनचे कळप चरत. अमेरिकन लोक त्याला बफेलो म्हणतात, पण तो आपल्या म्हशीचा कोणी नव्हे. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातल्या आपल्या गव्याचा तो लांबचा भाऊबंद. या कळपांची संख्या कोट्यवधींत होती. १८६९ साली रेल्वे एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जोडली गेली. १८७० नंतर थोड्याच काळात चामड्याच्या कारखानदारांना बायसनच्या कातड्यापासून टिकाऊ चामडे करण्याची युक्ती साधली. कारखान्यांतल्या यंत्रांना फिरवणारे पट्टे या चामड्याचे होऊ लागले. जनावर मैदानात, गिऱ्हाईक शहरात आणि मध्ये रेल्वे. उणीव होती ती लांबून एका गोळीत मोठे जनावर पाडणाऱ्या रायफलीची.

ती कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या शार्प्स कंपनीने पुरवली. १८७२ मध्ये तिचे जे मोठे काडतूस आले त्याला ‘पन्नास-नव्वद’ म्हणतात. पहिला आकडा गोळीच्या व्यासाचा, म्हणजे अर्धा इंच, आणि दुसरा दारूच्या वजनाचा, म्हणजे नव्वद ग्रेन. ग्रेन हे जवाच्या दाण्यावरून आलेले माप. सोनाराची आपली गुंज जवळजवळ दोन ग्रेनांची. एका पौंडात ७,००० ग्रेन बसतात. १८७३ साली अमेरिकन लष्कराने जे ‘पंचेचाळीस-सत्तर’ काडतूस घेतले, त्यात दारू सत्तर ग्रेन आणि गोळी ४०५ ग्रेनांची. म्हणजे एक पौंड दारूत शंभर काडतुसे भरतात, पण एक पौंड शिशात जेमतेम सतरा गोळ्या ओतल्या जातात. असा हिशेब प्रत्येक शिकाऱ्याला तोंडपाठ असावा लागे. शहरापासून दूर, गाडी घेऊन महिनोन्महिने फिरणाऱ्याला तयार काडतुसांच्या पेट्या विकत घेत राहणे परवडत नसे. त्यापेक्षा शिशाच्या विटा, दारूची पिंपे आणि टोप्यांच्या डब्या घेतल्या की झाले. पुंगळ्या होत्याच.

मग अवजारे. गोळी ओतायचा साचा, शिसे वितळवायचे भांडे आणि पळी, दारूचे माप, जुनी टोपी काढायची सळई किंवा टोचणी, नवी टोपी बसवायचा दांडा आणि गोळी सरळ उभी बसवणारी नळी. संच एवढाच, पण निवड सोपी नव्हती. साचा ज्या त्या रायफलीचाच हवा. शेजाऱ्याच्या साच्यातली गोळी आपल्या नळीत केसभर सैल बसली तरी नेम गेला. पुंगळी सरळ नळकांड्यासारखी की बाटलीसारखी मानेची, हेही पाहावे लागे. बार निघताना पितळ फुगते आणि त्याला परत मापात आणावे लागते. सरळ पुंगळीला हाताचा जोर पुरतो, मानेची पुंगळी मात्र साध्या अवजाराला दाद देत नाही. शार्प्स कंपनीही आधीच्या मानेच्या पुंगळ्यांकडून पुढे सरळ पुंगळ्यांकडे वळली. शिवाय मोठ्या काडतुसाची पुंगळी लांब, दारू जास्त, त्यामुळे अवजार दणकट हवे. पण गाडीत जागा बेताची, म्हणून आटोपशीरही हवे. आणि एक गोष्ट कोणत्याही अवजाराने साधत नसे, ती म्हणजे टोपी तयार करणे. त्यातले स्फोटक फक्त कारखान्यात होई. त्यामुळे टोप्यांची डबी संपली की सगळा संच लोखंडाचा तुकडा.

संध्याकाळ झाली की छावणीत हे काम चाले. त्या मैदानांवर झाड दुर्मीळ, म्हणून जळण असे ते बायसनच्या वाळक्या शेणाचे. आपल्या गोवऱ्यांसारखेच. त्या विस्तवावर शिसे वितळे. थंड झालेल्या गोळीला पातळ कागदाची पट्टी गुंडाळत, म्हणजे शिसे नळीला चिकटत नाही. गोळीच्या मागे मेण आणि चरबीचे वंगण. दिवसा उडवलेल्या पुंगळ्या पाण्याने धुवाव्या लागत, कारण काळ्या दारूची राख पितळ खाते. मग टोपी, दारू, गोळी. हे सगळे मी वाचले तेव्हा मला त्या माणसांच्या हातांविषयी आदर वाटल्याशिवाय राहिला नाही. एक पुंगळी फुकट जाऊ द्यायची नाही, चिमूटभर दारू सांडायची नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईने दोऱ्याचा तुकडा जपावा, तसे हे जपणे.

आणि सकाळी हीच माणसे काय करत? वाऱ्याच्या खालच्या बाजूला, दोनतीनशे पावलांवर आडवे होऊन, आधी कळपाची पुढारी गाय टिपत. ती पडली की बाकीची जनावरे गोंधळून तिच्याभोवती घुटमळत. मग एकामागून एक. मागून येणारे लोक कातडी सोलत, कधी जिभा कापून घेत, आणि उरलेले शेकडो किलोंचे धूड तिथेच कुजायला सोडून पुढे जात. सुरुवातीच्या वर्षांत कातडी नीट सोलण्याचे तंत्रही जमलेले नव्हते. बाजारात पोहोचलेल्या एका कातड्यामागे अनेक जनावरे वाया गेली, असे त्या भागात असलेल्या रिचर्ड डॉज या लष्करी अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे.

डॉजने सांता फे रेल्वेकडून मिळवलेले आकडे पाहण्यासारखे आहेत. या एका रेल्वेने १८७२ मध्ये १,६५,७२१ कातडी वाहून नेली. १८७३ मध्ये २,५१,४४३. आणि १८७४ मध्ये अवघी ४२,२८९. मागणी कमी झाली नव्हती, रायफली बिघडल्या नव्हत्या, पुंगळ्याही भरल्या जात होत्या. जनावरेच संपली होती. दक्षिणेकडच्या त्या महाकळपाचा कणा तीन वर्षांत मोडला.

मला जे सांगायचे आहे ते हेच. काटकसर हा आपण सद्गुण मानतो, आणि तो आहेही. पण काटकसर कशाची, हे विचारल्याशिवाय तिला सद्गुण म्हणता येत नाही. त्या शिकाऱ्याने इवलेसे पितळ जपले आणि पाचशे किलोंचे जनावर फेकले. किंबहुना पितळ जपले म्हणूनच त्याला इतकी जनावरे फेकणे परवडले. काडतूस महाग राहिले असते तर दर बाराआधी त्याने विचार केला असता.

याच मैदानांवर काटकसरीचा दुसरा नमुनाही होता. कोमांची, कायोवा, शायान या जमाती शतकानुशतके बायसनवर जगत होत्या. कातड्याचा तंबू आणि पांघरूण, स्नायूंच्या तंतूंचा दोरा, हाडांची अवजारे, शिंगांचे चमचे, पोटाच्या पिशवीत पाणी, शेणाचे जळण आणि मांस वाळवून वर्षभराची बेगमी. आमच्या घरी कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करतात, घरच्यांचा, नातेवाइकांचा आणि गरिबांचा. जीव घेतला तर त्याचा हिशेब द्यावा लागतो, ही भावना त्या वाट्यांमागे आहे. या जमातींचे मन मला त्यामुळे परके वाटत नाही.

१८६७ च्या मेडिसिन लॉज करारान्वये आर्कान्सा नदीच्या दक्षिणेकडची शिकार या जमातींसाठी राखलेली होती. उत्तरेचे जनावर आटल्यावर कातडीवाले शिकारी ती नदी ओलांडून गेले आणि लष्कराने त्यांना अडवले नाही. १८७४ मध्ये अमेरिकन संसदेने बायसनच्या रक्षणाचे विधेयक मंजूर केले. अध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर सहीच केली नाही. बायसन संपले की या जमाती वठणीवर येतील, असा हिशेब सत्तेतल्या अनेकांच्या मनात होता.

त्याच वर्षी २७ जूनला टेक्ससमधल्या अ‍ॅडोबी वॉल्स या शिकाऱ्यांच्या ठाण्यावर काहीशे कोमांची, कायोवा आणि शायान योद्ध्यांनी पहाटे हल्ला केला. नेतृत्व होते क्वाना पार्कर या तरुण कोमांची सरदाराकडे. इसा-ताई नावाच्या त्यांच्या वैदूने गोळ्या लागणार नाहीत, अशी ग्वाही दिली होती. आत होते २८ पुरुष आणि एक स्त्री. पण ते ठाणे म्हणजे कातडीवाल्यांची बाजारपेठ. दुकानांत शिसे, दारू आणि काडतुसे भरपूर होती. हल्ला फसला. दोन दिवसांनी बिली डिक्सन नावाच्या शिकाऱ्याने उसन्या घेतलेल्या शार्प्स रायफलीने सुमारे चौदाशे मीटरवरचा घोडेस्वार पाडला, असे सांगतात. स्वतः डिक्सन त्याला नशिबाचा नेम म्हणत असे. पुढच्या वर्षी, जून १८७५ मध्ये, क्वाना पार्कर यांनी शरणागती पत्करली. पोटाचे साधनच उरले नव्हते.

उत्तरेकडचा कळप १८८३ च्या सुमारास संपला. आणि १८८४ मध्ये न्यू हेवन शहरात जॉन बार्लो यांनी ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली. अडकित्त्यासारख्या एकाच हत्यारात टोपी काढणे, बसवणे, गोळी ओतणे आणि ती पुंगळीत बसवणे, हे सगळे त्यांनी आणले. स्वस्त, सुटसुटीत, खिशात मावणारे. शिकारी ज्याची वाट पाहत होते ते अवजार आले तेव्हा शिकार उरलेली नव्हती. शार्प्स कंपनी तर १८८१ मध्येच बंद पडली होती. त्यानंतर मैदानांवर जे वेचले गेले ती हाडे. खत करायला आणि साखर शुद्ध करायला ती रेल्वेने भरभरून गेली.

अवजारांचा इतिहास मात्र पुढे चालू राहिला. १८८२ च्या सुमारास अमेरिकन लष्कराने शिपायांना नेमबाजीचा सराव स्वस्तात करता यावा म्हणून पुन्हा भरता येणाऱ्या पुंगळ्या स्वीकारल्या आणि पलटणींना भरण्याची अवजारे दिली. आयडियल कंपनी १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे गेली. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांनी आरसीबीएस ही कंपनी काढली आणि टेबलाला घट्ट बसवायच्या दणकट प्रेसचे युग आले. आज तिथला हौशी नेमबाज मोठ्या काडतुसासाठी प्रेस निवडतो तेव्हा प्रश्न जुनेच असतात. पुंगळी केवढी लांब, दांड्याचा जोर पुरेल का, डायचे आटे आपल्या प्रेसला बसतील का. फरक एक झाला. काळी दारू मापाने ओतत आणि ती पुंगळी भरून टाकी. नंतर आलेली धूररहित दारू थोडीच लागते, पुंगळीत जागा उरते आणि चुकून दुप्पट पडली तर रायफल हातात फुटते. म्हणून आता अवजारांत सगळ्यांत महत्त्वाचा ठरतो तो अचूक तराजू.

शेवटी विल्यम हॉर्नडे यांच्याविषयी सांगायला हवे. हे प्राणिशास्त्रज्ञ १८७६ ते १८७९ या काळात पूर्वेच्या सफरीवर होते. आपल्या निलगिरी आणि अण्णामलैच्या जंगलांत त्यांनी वाघ आणि हत्ती मारून संग्रहालयांसाठी नेले. परत गेल्यावर त्यांनी बायसनची मोजदाद केली. १८८९ च्या त्यांच्या अहवालात उत्तर अमेरिकेतले एकूण बायसन भरले १,०९१. आयुष्याचा उरलेला काळ त्यांनी हे जनावर वाचवण्यात घालवला. पण ते प्रमुख असलेल्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात १९०६ साली कांगोतून आणलेल्या ओटा बेंगा या तरुणाला माकडांच्या घरात लोकांसमोर ठेवले गेले. याबद्दल तिथल्या संस्थेने जाहीर माफी मागितली ती २०२० मध्ये. काय जपायचे आणि काय टाकायचे, याचा हिशेब चुकणारे फक्त शिकारीच होते असे नाही.

१९०७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच संग्रहालयातून पंधरा बायसन रेल्वेने ओक्लाहोमातल्या विचिटा डोंगरांकडे पाठवले गेले. कॅश नावाच्या छोट्या स्थानकावर त्यांना पाहायला जमलेल्या लोकांत क्वाना पार्कर होते. अ‍ॅडोबी वॉल्सच्या लढाईला तेहेतीस वर्षे झाली होती. बरोबर कोमांची म्हातारे होते आणि ज्यांनी हे जनावर कधी पाहिलेच नव्हते अशी मुलेही. २०१६ मध्ये बायसनला अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी घोषित करण्यात आले आणि विचिटात आज त्या पंधरांचे वंशज चरत आहेत. रिकामी पुंगळी पुन्हा भरायला त्या काळी एक रात्र पुरत असे. रिकामे मैदान भरायला पंधरा जनावरांपासून सुरुवात करावी लागली, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही ते भरलेले नाही.